पक्षांचे रंग: लाल म्हणजे डावे, निळा म्हणजे उजवे, हे जगभर लागू पडतं का?

स्टुटगार्टकर
नमस्कार मंडळी. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे जर्मनीत मुदतपूर्व निवडणूक झाली, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. निकालाच्या रात्री इथले विश्लेषक पक्षांची नावं फारशी घेतच नाहीत. 'काळे-लाल जमेल का', 'काळे-हिरवे पुरतील का' असंच बोलणं चालतं. काळा म्हणजे पुराणमतवादी सीडीयू, लाल समाजवादी एसपीडी, पिवळा उदारमतवादी एफडीपी, हिरवा ग्रीन पक्ष, निळा कडवा उजवा एएफडी. डी लिंके हा आणखी डावीकडचा पक्षही स्वतःला लालच समजतो, पण लाल आधीच दिलेला असल्यामुळे टीव्हीवाले त्यांच्या स्तंभाला जांभळट गुलाबी छटा देतात.

तीन पक्षांची मोट बांधायची झाली की देशांचे झेंडे मदतीला येतात. काळा-पिवळा-हिरवा म्हणजे 'जमैका', काळा-लाल-हिरवा म्हणजे 'केनिया'. लाल-पिवळा-हिरवा म्हणजे सिग्नल. चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांचं सिग्नल सरकार ६ नोव्हेंबर २०२४ ला मोडलं, अर्थमंत्री लिंडनर यांना त्यांनी काढून टाकलं तेव्हा. नव्या ६३० जणांच्या संसदेत सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला जोडीदार सीएसयू यांना मिळून २०८ आणि एसपीडीला १२० जागा मिळाल्या, म्हणून काळ्या-लालचं गणित बसलं. पिवळे तर संसदेत शिरायला लागणाऱ्या ५ टक्के मतांच्या उंबरठ्यावरच अडकले आणि जमैकाचा प्रश्नच मिटला.

माझं मत असं की डावे लाल आणि उजवे निळे किंवा काळे हा जगाचा सर्वसाधारण नियम आहे आणि अमेरिका हा अपवाद. तुमच्या देशात काय चित्र आहे? आणि हे रंग ठरवतं कोण?
एक विनंती: आपल्याकडच्या पक्षांची उणीदुणी इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

पारंबी
छान विषय. लाल रंगाचं मूळ फ्रान्समध्ये आहे, आणि ते जरा उलटं आहे. १७८९ च्या कायद्यानुसार जमाव पांगवायचा असेल तर सरकारने आधी लाल झेंडा दाखवायचा. म्हणजे लाल हा हुकूमतीचा रंग होता: निघून जा, नाहीतर गोळी चालेल. १७ जुलै १७९१ ला पॅरिसच्या शां द मार्सवर असा झेंडा लावून लोकांवर गोळीबार झाला. पुढे तोच झेंडा लोकांनी आपला म्हणून हातात घेतला. १८४८ च्या क्रांतीत लाल झेंडा राष्ट्राचा करा अशी मागणी होती, ती कवी-राजकारणी लामार्तिनने अडवली आणि तिरंगा कायम ठेवला. १८७१ च्या पॅरिस कम्यूनवर, म्हणजे तिथल्या बंडखोरांच्या सरकारवर, मात्र लालच फडकला. तिथून तो युरोपभरच्या कामगार चळवळीत गेला. त्यामुळे डावे म्हणजे लाल याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. निळ्याला तसा आधार मला तरी दिसत नाही.

हडसनकाठ
न्यू जर्सीतून लिहितोय. अमेरिकेचा 'अपवाद' फार जुना नाही हो. आज उजव्या रिपब्लिकनांचं ते 'रेड स्टेट', डेमोक्रॅटांचं ते 'ब्लू स्टेट' असं पोरंसोरंही बोलतात, पण हे पक्कं झालं २००० सालात.

त्याआधी प्रत्येक वाहिनी आपल्या मनाने रंग द्यायची. १९७६ मध्ये एनबीसी वाहिनीने स्टुडिओत भला मोठा उजळणारा नकाशा उभा केला. प्लास्टिकची राज्यं आणि त्यांच्या मागे दिवे. रंगीत तालमीत दिव्यांच्या उष्णतेने राज्यं वितळायला लागली, मग मोठे पंखे आणि वातानुकूलन लावून ती वाचवली. त्या नकाशावर डेमोक्रॅट कार्टर लाल आणि रिपब्लिकन फोर्ड निळे होते! एनबीसीच्या निवडणूक विभागाने ब्रिटनकडे बघून पुराणमतवादी निळे ठरवले होते. १९८० मध्ये रिपब्लिकन रेगन जिंकले तेव्हाही त्या वाहिनीचा नकाशा निळ्याने भरला होता.

२००० मध्ये वाहिन्यांनी आणि मोठ्या वर्तमानपत्रांनी योगायोगाने रिपब्लिकनांना लाल दिला. न्यूयॉर्क टाइम्सच्या चित्रविभागाचं कारण तर एवढंच होतं की 'रेड' आणि 'रिपब्लिकन' हे दोन्ही शब्द 'आर'ने सुरू होतात. एरवी दोन दिवसांत सगळे विसरले असते. पण फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर लटकला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १२ डिसेंबरला निवाडा आला. पाच आठवडे अख्खा देश रोज तोच लाल-निळा नकाशा बघत बसला होता. मग तो पुसला जाणार कसा?

चिंचबन
वितळणारी राज्यं! आमच्याकडे नुसते उमेदवार विरघळतात.

स्टुटगार्टकर
हडसनकाठ, १९७६ चं मला अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद. म्हणजे मुळात अमेरिकेनेही ब्रिटनचंच घेतलं होतं. मग ब्रिटनचा निळा कुठून आला? मंजिरीताई, तुम्ही लेस्टरला आहात ना?

लेस्टरची_मंजिरी
हो, आहे. ब्रिटनमध्ये सुद्धा हे रंग वरून ठरलेले नव्हते. गेल्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत आणि त्याआधी तर सर्रास, प्रत्येक परगण्याचे रंग वेगळे असायचे, कारण ते तिथल्या जमीनदार घराण्याचे रंग असायचे. १८१८ ची वेस्टमोरलंडची निवडणूक बघा. तिथे टोरी (पुराणमतवादी) लोदर घराण्याचा रंग पिवळा होता आणि त्यांना आव्हान देणाऱ्या व्हिग (उदारमतवादी) ब्रूमची माणसं निळी! आजच्या हिशोबाने साफ उलटं.

आता एक गोष्ट, जी इथे राहायला येईपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. इथल्या मतपत्रिकेवर १९६९ च्या कायद्यापर्यंत पक्षाचं नावच छापत नसत. उमेदवाराचं नाव, पत्ता, व्यवसाय, बस्स. पक्षाचं बोधचिन्ह तर १९९८ च्या कायद्यानंतर आलं. म्हणजे कागदावर पक्ष दिसणारच नसेल तर तो बाहेर दिसला पाहिजे: छातीवर, खिडकीत, पत्रकावर. त्यासाठी ती रिबिनीची गोल फुलं, रोझेट. आजही मतमोजणीच्या रात्री क्रीडासंकुलाच्या व्यासपीठावर सगळे उमेदवार रांगेत उभे राहतात आणि निवडणूक अधिकारी आकडे वाचतो, तेव्हा लाल, निळी, पिवळी, हिरवी फुलं कोटावर लावलेली असतात. मी एका मोजणीला स्वयंसेवक म्हणून गेले होते. पराभूत उमेदवाराने भाषण संपवलं, खाली उतरून आईला मिठी मारली आणि मग सावकाश ते फूल काढून खिशात ठेवलं. मला तेव्हा त्या रिबिनीचं मोल कळलं.

सुतारपक्षी
मला मूळ विधानच पटत नाही. डावे-उजवे हा युरोपचा चष्मा आहे. बऱ्याच देशांत रंग आधी आला आणि विचार मागून चिकटला.

उरुग्वे घ्या. १९ सप्टेंबर १८३६ ला कार्पिंतेरियाची लढाई झाली. राष्ट्राध्यक्ष ओरिबे यांच्या बाजूने पांढऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. बंड करणाऱ्या रिवेरा यांच्या माणसांनी आधी आकाशी पट्ट्या घेतल्या, पण उन्हाने त्या विटून पांढऱ्यासारख्या दिसायला लागल्या. लढाईत आपला कोण आणि परका कोण हे कळेना म्हटल्यावर पोंचोचं (डोक्यातून घालायच्या घोंगडीसारख्या कपड्याचं) लाल अस्तर फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. त्यातून 'ब्लांको' (पांढरे) आणि 'कोलोरादो' (लाल) हे दोन पक्ष निघाले आणि दीडशेहून जास्त वर्षं देशाचं राजकारण या दोन रंगांत चाललं. कोलोरादो लाल आहेत, पण त्या लालचा कामगारांशी किंवा पॅरिसशी काडीचा संबंध नाही. शेजारच्या पॅराग्वेतही १८८७ पासून लाल आणि निळे असे दोन पक्ष आहेत, आणि तिथे लाल हाच पुराणमतवादी.

पारंबी
सुतारपक्षी, अस्तराची गोष्ट सुंदर आहे. पण लॅटिन अमेरिकेतले हे पक्ष समाजवादाच्या आधीचे आहेत. विसाव्या शतकात स्थापन झालेले पक्ष बघितलेत तर माझा मुद्दा टिकतो.

हानकाठचा_पाहुणा
टिकत नाही पारंबी. दक्षिण कोरिया! मी सोलमध्ये नोकरीला आहे. इथे लाल म्हणजे उत्तरेकडचे कम्युनिस्ट, असं दोन पिढ्यांच्या मनावर बिंबवलेलं. तरी २०१२ मध्ये पार्क ग्युन-हे यांच्या नेतृत्वाखाली पुराणमतवादी पक्षाने नाव बदलून सेनुरी केलं आणि निळा टाकून चक्क लाल घेतला. पक्षातल्या जुन्या लोकांना तो घोट गिळायला फार जड गेला. पण पक्षाची प्रतिमा मलीन झाली होती आणि नवं काहीतरी दाखवायचं होतं. त्या वर्षीच्या दोन्ही निवडणुका ते जिंकले. पुढच्याच वर्षी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाने मोकळा झालेला निळा उचलला. आज इथे पुराणमतवादी लाल आणि उदारमतवादी निळे, अगदी अमेरिकेसारखं.

आणि ते किती गंभीरपणे घेतात ते ऐका. निवडणूक जवळ आली की नट, गायक, निवेदक कपाट तपासूनच घराबाहेर पडतात. मोठ्या पक्षांना मतपत्रिकेवर १ आणि २ असे क्रमांक असतात, त्यामुळे फोटोत दोन बोटं दाखवायचीही चोरी. मे २०२५ मध्ये एका प्रसिद्ध गायिकेने लाल रंग आणि २ आकडा असलेलं जॅकेट घालून फोटो टाकला. इतका गहजब झाला की तो काढून तिला माफी मागावी लागली.

मेघमल्हारी
आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी गुलाबीच पत्रकं छापली होती, कारण छापखान्यात तोच कागद स्वस्त होता. रंग कोण ठरवतं याचं हे एक उत्तर!

चाओफ्रायाकाठी
कपड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून थायलंडबद्दल लिहिते. तिथे आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक रंग असतो. सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी. राजे भूमिबोल सोमवारी जन्मले, म्हणून पिवळा हा राजाचा रंग. २००६ मध्ये त्यांच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली तेव्हा बँकॉकमध्ये जिकडेतिकडे पिवळे शर्ट होते, आणि ते निव्वळ प्रेमापोटी. पण पंतप्रधान थाकसिन शिनावात यांच्या विरोधातल्या आंदोलकांनी तोच पिवळा घेतला. मग थाकसिनच्या बाजूचे, विशेषतः उत्तर आणि ईशान्येकडचे लोक लाल शर्टात एकवटले. २००८ च्या नोव्हेंबरअखेर पिवळ्यांनी सुवर्णभूमी विमानतळ बंद पाडला. २०१० मध्ये लालांनी शहराच्या मध्यावर, रात्चाप्रसोंगला ठाण मांडलं आणि १९ मेला लष्कराने तो तळ उठवला. त्या वसंतात नव्वदहून जास्त माणसं गेली.

आम्ही तेव्हा तिथे होतो. ऑफिसमधल्या एका थाई ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ही लाल ओढणी आणि तो पिवळा कुर्ता, दोन्ही काही दिवस घरीच ठेव. त्या स्वतः रोज पांढरा नाहीतर करडा ब्लाउज घालून यायच्या. त्यांचा भाऊ लालांमध्ये होता आणि नवऱ्याकडची माणसं पिवळ्यांमध्ये. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्यावर चकार शब्द कधी काढला नाही.

आता नवीन पिढीने नारिंगी आणला. २०२३ मध्ये मूव्ह फॉरवर्ड पक्ष १५१ जागा घेऊन पहिला आला, तरी त्याला सरकार बनवू दिलं नाही आणि २०२४ मध्ये न्यायालयाने पक्षच बरखास्त केला.

चिंचबन
हे वाचून गप्प झालो.

शेवंती_काणकोण
भारताचा मुद्दा कोणीच घेतला नाही म्हणून लिहिते, उणीदुणी न काढता. आपल्याकडे रंगाच्या आधी चिन्ह आलं. १९५१-५२ ला प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी होती आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्या माणसालाही मत देता यावं हा त्यामागचा विचार, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. मतपत्रिकेला रंग असतो, पण तो सभागृहाचा: लोकसभेची पांढरी, विधानसभेची गुलाबी.

आमच्या गोव्यात तर अख्खा भवितव्याचा प्रश्न दोन चिन्हांवर सुटला. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं होती. आजी सांगायची की त्या दिवसांत देवाला फूल वाहतानाही कोणीतरी काहीतरी बोलायचंच.

खारेपाटकर
शेवंतीताई, चिन्हाचं खरं, पण रंग आपल्याकडे कमी नाही. आमच्या अलिबाग-पेणच्या भागात 'लाल बावटा' म्हटलं की शेकाप, चिन्ह विचारायचं कामच नाही. मुंबईत गिरणी कामगारांच्या लाल बावटा युनियनला १९२८ च्या संपाने नाव मिळालं. आणि निळा? १९४२ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केलं, त्याचा झेंडा निळा. पुढे रिपब्लिकन पक्ष किती गटांत विभागला तरी निळा कोणी सोडला नाही. १४ एप्रिलला कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, ते निळं समुद्रासारखं भरून येतं. इंग्लंडचा निळा उच्चभ्रूंचा असेल, आमच्याकडे तो ज्यांना माणूस म्हणून उभं राहायचं होतं त्यांचा आहे. त्यामुळे 'निळा म्हणजे उजवा' हे सूत्र महाराष्ट्राच्या वेशीवरच थांबतं.

स्टुटगार्टकर
खारेपाटकर, हा प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे. निळ्याची ही बाजू मूळ प्रश्नात यायलाच हवी.

अड्यारची_सून
तमिळनाडूत रंग काठावर असतो. वेष्टीच्या, म्हणजे तिथल्या धोतराच्या काठावर. द्रमुकची काळी-लाल पट्टी, अण्णाद्रमुकची काळी-पांढरी-लाल. कार्यकर्ता शंभर पावलांवरून ओळखू येतो. सरकार बदललं की दुकानात पुढे लावलेला गठ्ठाही बदलतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शेजारी आंध्रात हे भिंतीवर गेलं. सत्ताधारी पक्षाच्या रंगांत पंचायतींच्या इमारती रंगवल्या, तेव्हा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते रंग काढायला लावले आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. योग्यच झालं. पंचायत सगळ्या गावाची असते, तिथे दाखला मागायला जाणाऱ्या माणसाला आपण दुसऱ्याच्या दारात आलोय असं का वाटावं?

सुतारपक्षी
+१. शेवटच्या वाक्यासाठी जास्त.

पोर्टलुईचा_दादा
मी मॉरिशसमध्ये कामानिमित्त आहे. इथे कोकणातून एकोणिसाव्या शतकात आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. इथे लेबर पक्ष लाल आणि चिन्ह किल्ली, एमएमएम जांभळा आणि चिन्ह हृदय, एमएसएम नारिंगी आणि चिन्ह सूर्य. म्हणजे रंगही आणि चिन्हही! निवडणुकीच्या काळात रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी पताका लावतात. बस एका गावातून दुसऱ्या गावात शिरली की डोक्यावरचा रंग बदलतो.

युती झाली की पताका एकाआड एक. १० नोव्हेंबर २०२४ ला लाल आणि जांभळा एकत्र होते आणि मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा त्यांनी घेतल्या. १९८२ आणि १९९५ मध्येही असंच ६०-० झालं होतं. माझ्या शेजारच्या मराठी आजोबांनी तिन्ही बघितलेत. तीनही वेळा लाटेत जांभळा होताच, असं ते बोटांवर मोजून सांगतात, आणि आपण कोणाला मत दिलं ते मात्र अजून घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

नकाशावेडी
रंग मिसळायची गोष्ट निघाली म्हणून: नेदरलँड्समध्ये १९९४ साली विम कोक यांनी लाल मजूर पक्ष आणि निळे उदारमतवादी एकत्र आणले (बरोबर डी६६ हा आणखी एक पक्ष), तर त्या सरकारचं नावच 'जांभळं' पडलं.

दुसरं, मी नकाशे करण्याचं काम करते, म्हणून एक कळकळीची विनंती. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आपल्याकडेही असे पुष्कळ आहेत. लाल-निळा नकाशा त्यांना वाचता येतो, लाल-हिरवा नाही. टीव्हीवाल्यांनी रंगाबरोबर नक्षी किंवा अक्षर तरी द्यावं. माझ्या धाकट्या भावाला निकालाचा नकाशा मी वाचून दाखवते.

स्टुटगार्टकर
नकाशावेडी, हा विचार मी केलाच नव्हता, आमच्या इथल्या लाल-हिरव्या स्तंभांकडे आता वेगळ्या नजरेने बघेन.

मूळ प्रश्नाकडे येतो. आतापर्यंतच्या प्रतिसादांत रंग देणारे चार जण दिसले: रणांगण, राजाचा वार, टीव्ही आणि स्वतः पक्ष. ऑस्ट्रियात २०१७ मध्ये सेबास्टियन कुर्त्स यांनी आपल्या पुराणमतवादी पक्षाचा काळा बदलून फिरोजी केला तोही शेवटच्या प्रकारातला. माझा प्रश्न असा: बाहेरच्या कोणी दिलेला रंग पक्ष स्वतःचा मानतात का?

हडसनकाठ
मानतात, आमच्याकडचंच उदाहरण आहे. २००० पूर्वी दोन्ही पक्ष झेंड्याचे लाल-पांढरा-निळा तिन्ही रंग वापरायचे, ओळख हत्ती आणि गाढवाची. टीव्हीने वाटणी केल्यावर दहा वर्षांत, २०१० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने निळ्या वर्तुळातलं 'डी' हे बोधचिन्ह घेतलं. २०१६ पासून ट्रम्प समर्थकांची लाल टोपी तर घराघरांत माहीत झाली. वाहिनीच्या चित्रविभागाने निवडलेला रंग लोक आज डोक्यावर घालतात. मी तर म्हणेन टीव्ही हाच आता सगळ्यात बलवान.

पारंबी
अमेरिकेपुरतं मान्य. पण तुमच्या वाहिन्यांनी रिपब्लिकनांना लाल दिला तरी जर्मनीत, ब्रिटनमध्ये, फ्रान्समध्ये कोणी समाजवाद्यांचा लाल हलवू शकलं नाही. जिथे रंगासाठी माणसं मेलीत तिथे टीव्हीचं चालत नाही.

टोरांटोची_माई
उशिरा आले, पण कॅनडा राहून गेलाय. इथे लिबरल लाल, कन्झर्व्हेटिव्ह निळे, डावा एनडीपी नारिंगी. म्हणजे डाव्या पक्षाला लाल मिळालाच नाही, तो मध्यावरच्यांनी धरून ठेवलाय! २०११ मध्ये जॅक लेटन यांच्या नारिंगी लाटेत एनडीपीला १०३ जागा मिळाल्या, त्यातल्या ५९ एकट्या क्यूबेकच्या. त्याच ऑगस्टमध्ये लेटन वारले, तेव्हा टोरांटोच्या सिटी हॉलसमोरच्या चौकात लोकांनी रंगीत खडूंनी भिंती आणि फरशी भरून टाकली होती. मी नातवाला घेऊन गेले होते. त्याच्याकडे नारिंगी खडू नव्हता, तर शेजारच्या बाईंनी आपला अर्धा मोडून दिला. २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या ७ जागा राहिल्या.

आणि स्टुटगार्टकर, तुमच्या सूत्राला आणखी एक अडचण: क्यूबेकमध्ये ब्लॉक पक्षही निळाच आहे, फिका. गडद निळा देश एकसंध ठेवू पाहणाऱ्यांचा आणि फिका निळा क्यूबेकचं वेगळेपण जपणाऱ्यांचा. निकालाच्या रात्री आमचे हे चष्मा पुसून पुसून विचारतात, हा कुठला निळा?

पारंबी
माई, कॅनडाचा लाल मध्यावर कसा गेला यावर मी वाचून लिहितो. लिबरल पक्ष तिथल्या मजूर चळवळीच्या आधीचा आहे, तिथेच काहीतरी सापडेल असं वाटतं.